क्लेम अ‍ॅडजस्टर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: बीकॉम झालंय, दोन वर्षं ऑफिसात हिशोबाचं काम करतोय. विम्याच्या क्लेमची पाहणी करणारा अ‍ॅडजस्टर व्हायचं डोक्यात आहे. अनुभव नाही, मग घेईल का कोणी?

उत्तर: घेतात हो, नक्की घेतात. आधी एवढं ठरवा की काम कोणाच्या बाजूनं करायचंय, कारण स्टाफ अ‍ॅडजस्टर विमा कंपनीचा पगारी माणूस, इंडिपेंडंटला कंपन्या केसप्रमाणे काम देतात आणि पब्लिक अ‍ॅडजस्टर पॉलिसीधारकातर्फे भांडतो. नवख्यानं स्टाफमध्येच शिरावं असं माझं स्पष्ट मत, तिथे ट्रेनिंग मिळतं आणि चुकलं तर सांभाळून घेणारा सीनियर असतो. लायसन्सचे नियम देशागणिक वेगळे, अमेरिकेत तर राज्यागणिक, म्हणून जिथे काम करणार तिथल्या विमा नियामकाची साइट आधी बघा, क्लासवाल्यांना पैसे नंतर.

लायसन्सची परीक्षा पाठ करून निघते, पण नजर तयार व्हायला वेळ लागतो. छतावरचा पाण्याचा डाग घ्या. एकात एक तपकिरी कडा दिसल्या तर तिथे बहुतेक पुन्हापुन्हा पाणी झिरपलंय, आणि अचानक फुटलेला पाइप अनेक पॉलिसींत कव्हर होतो तर महिनोन्‌महिन्यांची गळती बऱ्याचदा नाही, म्हणजे त्या एका डागावर कुणाच्यातरी घराची दुरुस्ती अडकलेली असते!

इंटरव्ह्यूत हिशोबाचा अनुभव पुढे करा, बिलं तपासता येणं इथे फार कामाचं. आणि पॉलिसीतला अपवादांचा भाग तर आजपासूनच वाचायला घ्या, घरातली कुठलीही पॉलिसी चालेल.