तीन वर्षांची बदली आणि इंटरनॅशनल शाळा

पत्र : यजमानांची चाकणहून जर्मनीत श्टुटगार्टला तीन वर्षांसाठी बदली झाली आहे. मुलगी सीबीएसईची आठवी पास झाली, धाकटा दुसरी. कंपनी दोघांचीही तिथल्या इंग्रजी इंटरनॅशनल शाळेची फी भरणार आहे. मुलीला डॉक्टर व्हायचंय. सगळे म्हणतात, एवढी मोठी शाळा मिळतेय, विचार कसला करता? पण परत आल्यावर ती इथली ना तिथली, असं व्हायला नको. काय करावं?
– एक आई, पिंपळे सौदागर

ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. शाळा चांगली की वाईट, हे नंतर बघू. आधी वर्षांचा हिशेब मांडू.

मुलगी तिथे नववीत बसेल. तीन वर्षं म्हणजे नववी, दहावी, अकरावी. गोम इथेच आहे. अशा शाळांत बहुधा आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाचा, अभ्यासक्रम असतो आणि त्यातला शेवटचा डिप्लोमा अकरावी-बारावी असा सलग दोन वर्षांचा. तुमची बदली संपेल तेव्हा ती नेमकी अर्ध्यावर असेल. तिथून उठून सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या थेट बारावीत शिरणं फार कठीण. पुण्यात डिप्लोमाच्या शाळा आहेत, पण तेच विषय, त्याच पातळीवर, त्या वर्षी मिळायला हवेत. म्हणून एकतर दहावी करून दोन वर्षांनी परत या, नाहीतर बारावीपर्यंतचं चौथं वर्ष आणि त्या वर्षाची फी कंपनीकडून आत्ताच लेखी घ्या. वरच्या वर्गांची फी वर्षाला २०,००० युरोंच्या घरात सहज जाते. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणण्याएवढी ही रक्कम लहान नाही.

आता डॉक्टरकीचं. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. त्यासाठी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांखेरीज अधिवासाचा दाखलाही लागतो आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावं लागतं. ठरावीक सरकारी नोकरांच्या मुलांना सूट आहे, खासगी कंपनीतल्यांना नाही. म्हणजे दहावी श्टुटगार्टला केली की हा दरवाजा बंद. मग मुख्यतः अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं उरतात. शिवाय डिप्लोमाच्या सहा विषयांत साधारणपणे दोनच विज्ञान विषय बसतात. नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही हवेत, त्यासाठी शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते. ती काढून देणार का, हे प्रवेशाआधी विचारा. अकरावीत विचारून उपयोग नाही.

काही घरं अशा वेळी मुलीला आजी-आजोबांकडे ठेवतात. माझं मत विचाराल तर चौदाव्या वर्षी, केवळ कोट्यासाठी, मी हे करणार नाही. तिने स्वतःहून, नीट समजून मागितलं तर गोष्ट वेगळी. आधी तिच्याशी एकदा निवांत बोला. डॉक्टर व्हायचंय म्हणजे पुण्या-मुंबईतच, की कुठेही? जर्मन विद्यापीठं आयबी डिप्लोमा विषयांच्या ठरावीक अटींवर मान्य करतात. पण तिथे वैद्यकीय जागांसाठी चुरस मोठी आणि शिक्षण जर्मनमध्ये. शाळा इंग्रजी असली तरी जर्मनचा तास तिने पहिल्या दिवसापासून मन लावून करायला हवा.

एवढं सगळं सांगूनही मुलीसाठी मी इंटरनॅशनल शाळाच सुचवीन. एक अक्षर जर्मन न येता नववीच्या जर्मन वर्गात बसवलं तर हुशार मुलगीही वर्षभर मुकी होते. इंग्रजी शाळेत ती पहिल्याच आठवड्यात हात वर करू शकेल. आणि या शिक्षणात मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे डिप्लोमाला स्वतः विषय निवडून ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो. आपल्याकडे गाइडवर वाढलेल्या मुलांना हे सुरुवातीला जड जातं. पुढे कॉलेजात मात्र अशी मुलं स्वतःचा अभ्यास स्वतः आखतात, हे मी समोर बसलेल्या विद्यार्थ्यांत पाहिलं आहे.

तुम्हालाही या शाळेचा आधार होईल. वर्गातली बरीच घरं तुमच्यासारखीच बॅगा उचलून आलेली असतात, त्यामुळे घरभाड्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाला काय विचारायचं ते कळतं. पण तीच घरं दोन-तीन वर्षांत निघूनही जातात. जिवाभावाची मैत्रीण जूनमध्ये सिंगापूरला गेली की मुलगी रडेल. त्याची तयारी ठेवा.

धाकट्याचं मात्र मी वेगळं करीन. सात वर्षांच्या मुलाला जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत घाला. तिथे फी नाही, नव्या परदेशी मुलांसाठी भाषेचे तयारीवर्ग असतात आणि मैत्र गल्लीतलंच मिळतं. पहिले काही महिने तो कुरकुरेल. नंतर बेकरीत तुमच्या वतीने तोच बोलेल. एक लक्षात ठेवा, तिथे चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. तुमच्या तीन वर्षांतच तो टप्पा येऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी तो महत्त्वाचा.

घरात दोघांशी मराठीच बोला. धाकट्याला देवनागरी रोज पंधरा मिनिटं तरी गिरवू द्या, कारण परतल्यावर त्याला मराठी-हिंदीचे पेपर लिहायचे आहेत.

तिथलं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं, म्हणजे हातात थोडे महिने आहेत. दोघांनाही जर्मन शिकायला पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात किंवा जवळच्या क्लासला आत्ताच घाला. कंपनीचं पत्र हाती आलं आणि त्यात चौथ्या वर्षाचा उल्लेख नसेल, तर सही करण्याआधी मला पुन्हा लिहा.