शोधनिबंधाचं पहिलं परीक्षण हाती घेताना

नियतकालिकाच्या संपादकांना होकार कळवण्याआधी लेखकांची नावं बघ. अलीकडे कुणाबरोबर शोधनिबंध लिहिला असशील, तर संपादकांना सांग; पुढचं ते ठरवतील. वेळ नसेल तर लगेच नकार दे. महिनोन्‌महिने अडवून ठेवू नकोस.

हस्तलिखित गोपनीय असतं. चॅटजीपीटीत टाकायचं नाही. सहकाऱ्याची मदत हवीच असेल तर आधी संपादकांची परवानगी घे आणि त्याचं नावही कळव. १९९७ साली सुरू झालेल्या ‘कोप’ची (संशोधन-प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी काम करणाऱ्या समितीची) मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

परीक्षणाच्या अहवालात लेखकांना ‘माझे हे चार निबंध उद्धृत करा’ असं लिहायचा मोह होईलच. मी एकदा लिहिलं होतं. संपादकांनी अहवाल परत पाठवून विचारलं, “यातला नेमका कोणता निबंध इथे लागतो?” खरं सांगायचं तर, एकही लागत नव्हता.