बीएलएम हेलिकेज ‘चालत नाही’? आधी शेपूट कुठल्या टोकाला आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: माणसाचं पूर्ण लांबीचं बीएलएम (डीएनएचे जोडलेले दोन धागे सोडवणारं एन्झाइम, म्हणजे हेलिकेज) शुद्ध केलंय, २० बेस-जोड्यांचा दुहेरी तुकडा घेतलाय, त्याला ५ प्राइम टोकाला १५ टी-ची एकेरी शेपूट आहे (डीएनए धाग्याच्या दोन टोकांना ५ प्राइम आणि ३ प्राइम म्हणतात). एका धाग्यावर फॅम हा चमकणारा रंग, दुसऱ्यावर ती चमक विझवणारा क्वेंचर; धागे सुटले की चमक वाढायला हवी. एटीपी घातलं तरी चमक वाढत नाही, आणि एन्झाइम वाढवलं की ती आणखी खाली जाते. एन्झाइम मेलं का? आणि बीएलएम व डब्ल्यूआरएन ही हेलिकेजं एकाच कुळातली असताना, ती बिघडून होणारे ब्लूम आणि वर्नर हे आजार इतके वेगळे का?

एन्झाइम बहुतेक जिवंत आहे. शेपूट उलट्या टोकाला लागली आहे.

हेलिकेजची दिशा सांगताना ते ज्या एकेरी धाग्यावर बसून पुढे सरकतं त्या धाग्याची दिशा सांगतात. बीएलएम ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे चालतं, म्हणजे त्याला पाय टेकायला ३ प्राइम टोकाची शेपूट हवी. तुमची रचना जिवाणूंच्या डीएनएबी या हेलिकेजच्या प्रोटोकॉलवरून उचललेली दिसते. ते सहा घटकांचं कडं असतं, ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे जातं, आणि त्यालाही नीट उघडायला दोन्ही शेपट्यांचा फाटा लागतो. आपल्या पेशींमधलं प्रतिकृतीचं हेलिकेज, म्हणजे सीएमजी, याच्या बरोबर उलट धाग्यावर बसतं. एकाचा तुकडा दुसऱ्याला लावला की नेमकं असंच होतं.

नवा तुकडा असा करा. लांब धागा ३५ बेसचा: ५ प्राइम टोकाकडून आधी २० बेसचा जुळणारा भाग, त्यानंतर ३ प्राइम टोकाला १५ टी. फॅम याच धाग्याच्या ५ प्राइम टोकावर. आखूड धागा २० बेसचा, क्वेंचर त्याच्या ३ प्राइम टोकावर. दोन्ही लेबलं शेपटीपासून लांबच्या टोकाला समोरासमोर येतात, त्यामुळे शेवटची जोडी सुटेपर्यंत चमक दिसत नाही. फॅमला लागून असलेला बेस जी ठेवू नका. जी स्वतःच फॅमची चमक विझवतो, मग धागे सुटले तरी वाढ कमी दिसते. जोडताना क्वेंचरचा धागा १.२ पट घ्या, ९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवा आणि ब्लॉक बंद करून तासभर आपोआप निवू द्या. नळी थेट बर्फात टाकली तर अर्धवट जोडलेले तुकडे मिळतात आणि सुरुवातीचीच पातळी वर बसते.

आता चमक खाली का जाते ते. रेकक्यू कुळातली (बीएलएम आणि डब्ल्यूआरएन याच कुळातली) बरीच हेलिकेजं धागे उघडतात तशी जोडतातही. एटीपी कमी आणि एन्झाइम जास्त असेल तर जोडणं वरचढ होतं, आणि तयारीत सुटे राहिलेले फॅमचे धागेही क्वेंचरला जाऊन चिकटतात. बीएलएमची ही जोडणी १४१७ अमिनो आम्लांपैकी शेवटाकडच्या भागावर अवलंबून आहे. ६४२ ते १२९० हा गाभा उघडतो पण जोडत नाही. दोन्ही रूपं शेजारी चालवली तर शंका लगेच फिटेल.

इलाज म्हणजे सापळा: लेबल नसलेला, लांब धाग्याच्या २० बेससारखाच क्रम असलेला (त्यांना पूरक नव्हे), शेपटीविना ऑलिगो, म्हणजे डीएनएचा छोटा एकेरी धागा, तुकड्याच्या १० ते २० पट. तो सुटलेला क्वेंचरचा धागा पकडतो. बरेच जण उलटा सापळा घेतात, म्हणजे फॅमच्या धाग्याला धरणारा. त्यातून शेपटीसकट नवा दुहेरी तुकडा तयार होतो आणि एन्झाइम त्याच्यावरच राबत बसतं. सापळा एटीपीबरोबर शेवटी घाला.

मात्रा: तुकडा १० ते २० नॅनोमोलर, एन्झाइम १ पासून ५० नॅनोमोलरपर्यंत पायऱ्यांनी, ट्रिस २५ मिलिमोलर, पीएच ७.५, सोडियम क्लोराइड ५०, डीटीटी १, एटीपी २ मिलिमोलर, ३७ अंश. मॅग्नेशियम एटीपीपेक्षा जास्तच ठेवा, इथे ३ मिलिमोलर. एटीपी जवळजवळ एकास एक मॅग्नेशियम धरून ठेवतं. एटीपीचा साठा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणलाय ना? न आणलेला साठा आम्लधर्मी असतो, आणि फॅमची चमक पीएच उतरला की मंदावते. (‘एन्झाइम मेलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण नेहमी सापडतं.)

नियंत्रणं तीन तरी हवीत: एटीपीविना, एटीपीऐवजी एएमपी-पीएनपी (एटीपीसारखंच, पण सहज न तुटणारं), आणि के६९५ (६९५ वं अमिनो आम्ल, लायसिन) बदललेलं निष्क्रिय बीएलएम. १०० टक्क्यांची पातळी सापळ्यासकट ९५ अंशांवर तापवून लगेच बर्फात टाकलेल्या नळीवरून घ्या. एटीपीविनाही चमक वाढली तर तयारीत न्यूक्लिएज, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, असण्याची शंका घ्या. तसं असेल तर युरिया जेलवर धागा आखूड झालेला दिसेल. डब्ल्यूआरएन वापरत असाल तर मात्र ते दूषण नसेलही, कारण त्या प्रथिनात स्वतःचंच एक्सोन्यूक्लिएज (टोकाकडून डीएनए कापणारा भाग) आहे. तिथे ई८४ए हे एक्सोन्यूक्लिएज बंद असलेलं रूप घ्या.

आजारांचं उत्तर इथूनच सुरू होतं. दोघांचा मोटर-भाग सारखा, जोडीदार आणि कामाची जागा वेगळी. बीएलएम टोपोआयसोमरेज ३ अल्फा, आरएमआय १ आणि आरएमआय २ यांच्यासोबत दुहेरी हॉलिडे सांधे (दुरुस्तीवेळी दोन डीएनए रेणू एकमेकांत गुंततात त्या जागा) अदलाबदल न होऊ देता सोडवतं. ते नसलं की सांधे न्यूक्लिएज कापतात आणि भगिनी क्रोमॅटिडांची (क्रोमोसोमच्या दोन जुळ्या प्रतींची) अदलाबदल वाढते: एरवी एका पेशीत १० पेक्षा कमी, ब्लूममध्ये ४० ते १००. पेशी ब्रोमोडिऑक्सियुरिडिनमध्ये दोन चक्रं वाढवून, होएख्स्ट व गिम्साने रंगवून ही मोजणी होते. गर्भापासूनच लहान चण, उन्हाने गालांवर येणारा पुरळ, कमी वयात नाना प्रकारचे कर्करोग, ही त्याची बाहेरून दिसणारी बाजू. डब्ल्यूआरएनचा मोठा भार टेलोमिअर (क्रोमोसोमची टोकं) आणि अडकलेल्या प्रतिकृती-फाट्यांवर आहे. त्यामुळे वर्नरमध्ये बालपण ठीक जातं, वयात येतानाची उंचीची वाढ चुकते, विशीत केस पिकतात, तिशीत मोतीबिंदू.

डब्ल्यूआरएनला दुसरीही बाजू आहे. मिसमॅच दुरुस्ती (डीएनएतल्या चुकीच्या बेस-जोड्या सुधारणारी यंत्रणा) बंद पडलेल्या कर्करोगाच्या गाठींमध्ये टीए-ची पुनरावर्तनं लांबतात, त्यांचे क्रॉससारखे आकार होतात, आणि ते उलगडायला पेशीला डब्ल्यूआरएनवाचून पर्याय राहत नाही. २०१९ मध्ये हे अवलंबित्व पुढे आलं आणि आता त्याला रोखणारी औषधं रुग्णांवर तपासली जात आहेत. अशी संयुगं तपासायची असतील तर आणखी एक सावधगिरी: डीएनएला चिकटणारं कुठलंही संयुग या चाचणीत इनहिबिटरसारखंच दिसतं. एटीपेजची, म्हणजे एन्झाइम एटीपी किती तोडतं याची, वेगळी चाचणी जोडीला हवीच.

तूर्तास ३५ बेसचा ऑलिगो आणि सापळा एवढंच मागवा. नवीन प्रथिन करायला घेऊ नका.