पावसाळ्यात जलरंगात जास्वंद रंगवताना दुसरा थर दिला की खालचा रंग उठून चिखल का होतो?
बहुतेक वेळा पहिला थर आतून ओलाच असतो. ठाण्याच्या दमट हवेत कागद वरून वाळलेला दिसतो. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागला तर थांबा किंवा हेअर ड्रायर लांबून फिरवा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), १०० टक्के कॉटनचा घ्या, यात काटकसर नकोच. पहिला थर अगदी पातळ, उजेडाची जागा कोरी. खाली क्विनॅक्रिडोन गुलाबी (कागदात पक्का बसणारा रंग) ठेवा, वाळल्यावर तो सहसा उठत नाही. पुढचा थर मऊ ब्रशने एकाच फटक्यात द्या, घासू नका. कडा लगेच स्वच्छ, निथळलेल्या ब्रशने विरवा. ब्रशमध्ये पाणी जास्त राहिलं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. लाल पाकळीच्या सावलीत हिरवा थेंबभरच, जास्त झाला की तपकिरी. तीन-चार थर पुरे.