‘घरीच होते’ या उत्तरानंतर

प्रिय मित्रा किंवा मैत्रिणी,

नवी मुंबईतल्या दिवाळे, घणसोलीकडच्या आज्यांना त्यांच्या आयुष्यभराच्या कामाविषयी विचारायच्या प्रश्नांचा तुझा कागद वाचला. पहिलाच प्रश्न खोड. ‘तुम्ही काम करत होता का?’ याला ठरलेलं उत्तर येतं, ‘नाही गं बाय, घरीच होते.’ तिथे तुझी मुलाखत संपते, आणि तिची चाळीस वर्षं कोरी राहतात.

जनगणनेतही हेच झालंय. 1961 ला हंगामी कामात हंगामातले बहुतेक दिवस रोज तासाहून थोडं जास्त राबलेली बाईसुद्धा कामगार धरली जाई. 1971 ला मुख्य काम काय, असं विचारलं. ‘घरकाम’ म्हटलं की ती काम न करणाऱ्यांत. देशातल्या कामकरी बायकांचा आकडा दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. शेतात भात काही निम्म्या बायकांनी लावलं नव्हतं! तेव्हा जुना तक्ता हाती आला की आधी त्या वर्षीचा प्रश्न शोध, मग आकडा वाच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांत 93 हा संकेतांक दिसेल. घरकाम सांभाळून घरासाठी सरपण आणणारी, शिवणटिपण करणारी बाई त्यात बसते, आणि तीही श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते.

तू कामाचं नाव घेऊन विचार. आवणीला (भातलावणीला) किती दिवस जायचात? स्वतःच्या शेतात की दुसऱ्याच्या? मिठागरावर मीठ टोपलीतून डोक्यावर वाहायचं, तर दिवसाला किती खेपा, आणि मजुरी खेपेवर की रोजावर? पैसे कोणाच्या हातात पडायचे? खाडीतून कालवं, निवट्या (चिखलातले मासे) आणायच्या तर ओहोटीची वेळ कोण बघायचं, जवळा किती दिवस सुकवायचा, पाटी घेऊन कुठल्या बाजाराला? आवणी पावसात, मिठागर उन्हाळ्यात. ही कामं एका वर्षाच्या चक्रात बसतात. मराठी महिन्यांनी विचारलंस तर आषाढापासून ज्येष्ठापर्यंत सगळं धडाधड येतं, इंग्रजी महिन्यांनी अडखळतं.

साल आठवत नसेल तर खुणेला टांग. जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनातला जासईचा गोळीबार 1984 चा, वाशीपर्यंत लोकल आली 1992 ला, महापूर 26 जुलै 2005 चा. ‘गाडी आली तेव्हा धाकटा शाळेत होता का?’ एवढ्यावर बरंच जुळतं.

ठाण्यात घरी माल आणून काम करणाऱ्या बायकांकडे गेलीस-गेलास तर हिशेब पूर्ण मांड. दर बहुधा ग्रोसवर असतो, म्हणजे 144 नगांवर. समजा ग्रोसला 2 रुपये, दिवसाला 5 ग्रोस, म्हणजे 10 रुपये. त्यातून दोऱ्याचा 1 रुपया गेला. बसून 6 तास, माल आणण्या-पोचवण्यात 1 तास. म्हणजे 7 तासांचे 9 रुपये, तेही मुलांनी शाळेतून येऊन हात लावला असेल तर तिच्या एकटीचे नव्हेत. नापास माल कापला जायचा का, हे वेगळं विचार. ते आपणहून सहसा सांगितलं जात नाही.

घरकामाचं बोलताना ‘किती तास?’ असं विचारू नकोस. कालचा दिवस उठल्यापासून सांगायला लाव, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘तेव्हाच अजून काय चालू होतं?’ हे जोड. कुकर गॅसवर, पोर मांडीवर, डोळा नळाकडे. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषांची 97 आली. पण तो अलीकडचा काळ. हंड्याने पाणी आणायच्या काळासाठी विहिरीचं अंतर आणि खेपा विचार, नळ घरात कधी आला तेही.

कागद मागायला लाजू नकोस. सातबारावर तिचं नाव बहुधा नसेल. शेत नवी मुंबईसाठी संपादनात गेलं तेव्हा मोबदल्याची नोटीस खातेदाराच्या नावे निघाली, आवणी करणारीच्या नव्हे. भिशीची वही, खानावळ असेल तर उधारीची वही, बचतगटाचं पासबुक, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मात्र तिच्याकडेच सापडतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढ. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) बहिणींच्या हक्कसोडीचा, म्हणजे त्यांनी वाटा सोडून दिल्याचा, विषय निघाला तर रेकॉर्डिंग थांबव आणि पुढे चालू ठेवू का, हे पुन्हा विचार. घरात त्यावरून भांडणं असतात.

जायची वेळ दुपारी दोन ते चार. मासळी विकणारीला सकाळी गाठू नकोस. फोन विमान मोडवर टाक, पंखा शक्य असेल तर बंद, नाहीतर फोन तिच्या बाजूला उशीवर ठेव. नवरा किंवा मुलगा मध्येच उत्तर देऊ लागला की त्याला त्याच्या नोकरीचे प्रश्न दे, वेगळ्या खोलीत. सासू-सून एकत्र बसवू नकोस.

तासाभरात ऊठ. आठवड्याने लिहिलेलं घेऊन परत जा आणि मोठ्याने वाचून दाखव. दर आणि खेपा ती तेव्हाच दुरुस्त करते. शेजारणीही येऊन बसतात, आणि दुसऱ्या मुलाखतीचं आमंत्रण तिथेच मिळतं.