वखारीच्या काकूंना विचारा: टनातलं तीनशे किलो गेलं कुठं?

रोहिणी निघाल्या की पत्रांचा गठ्ठा जाड होतो. पाऊस यायच्या आत सगळ्यांना सगळं विचारून घ्यायचं असतं. वखारीतही हेच दिवस धावपळीचे, त्यामुळे ही उत्तरं काट्याजवळच्या खुर्चीत बसून, मधेमधे टेम्पो भरून देत लिहिली आहेत. कुठे सूर तुटला असेल तर तो टेम्पोवाल्याचा दोष.

काकू, मी 23 वर्षांचा आहे. शिराळ्याजवळ वर्षापूर्वी जळाऊ लाकडाचा धंदा सुरू केला. निलगिरी आणि सुबाभूळ तोडीच्या जागेवर 4 रुपये किलोने घेतो, फोडून, सुकवून 7 रुपयांनी ढाब्यांना आणि आचाऱ्यांना पोच करतो. किलोमागे 3 रुपये सुटायला हवेत. तरी टेम्पोचे हप्ते घरातून भरावे लागले. माल चोरीला जातोय का?

बाळा, चोरी होतेय खरी, पण वॉचमन ठेवून थांबणारी नाही. तू पाणी विकत घेतोयस.

ताज्या निलगिरीत किंवा सुबाभळीत वजनाच्या 45 टक्के पाणी धर. एक टन आणलंस, म्हणजे 550 किलो लाकूड आणि 450 किलो पाणी. नीट सुकवून ते 20 टक्क्यांवर आणलंस की काट्यावर किती भरेल? 550 भागिले 0.8, म्हणजे 688 किलो. तीनशेवर किलो उडून गेलं. त्यात साल, ढलप्या, चुरा मिळून 30-35 किलो जातं. विकायला उरलं 655. आता खर्च मांड. खरेदी 4,000. तोडणी, फोडणी, रचणी, हमाली मिळून टनाला 1,000 धरू, तुझ्याकडे कमीजास्त असेल. झाले 5,000. भागिले 655, म्हणजे किलो तुला 7 रुपये 63 पैशाला पडलं. डिझेल अजून धरलंच नाही. आणि तू ते 7 ला पोच करतोस.

आता थोडं बोचेल असं विचारते. या हिशेबाने तू सहा महिन्यांत बसायला हवा होतास. वर्षभर तग धरलास, याचा अर्थ बराच माल अर्धा ओलाच गेला. खरं ना? गिऱ्हाईक वजनावर घेतं, ओलं लाकूड वजनाला भरतं, आणि आपला हात नकळत कालच्या फोडीकडे जातो. माझाही गेला होता. मालक गेल्यावर वखार माझ्याकडे आली. पहिल्याच वर्षी पाचगणीच्या एका हॉटेलाला शेकोटीसाठी अशी गाडी पाठवली. पसरणीचा घाट चढून माल वर गेला, संध्याकाळी पाहुणे हिरवळीवर जमले, आणि लाकडाच्या टोकातून नुसता फेस आणि धूर. दुसऱ्या दिवशी गाडी तशीच खाली आली. जायचं-यायचं डिझेल माझं. आमच्याकडे तेव्हा एक म्हातारे फोडणारे होते. ते एवढंच म्हणाले, "काकी, पानी इकत घेताय आन् धूर इकताय."

तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्या. एक, जमेल तिथे उभं झाड उक्तं घ्यायचं, किलोवर नाही. दुसरी, किलोवरच घ्यायचं असेल तर शेतकऱ्याला सांगायचं की पाडल्यावर दोन-तीन आठवडे पाल्यासकट पडू दे. पाला सुकता सुकता खोडातलं पाणी ओढून घेतो. काटा त्यानंतर. शेतकरी कुरकुरतो, मग किलोला चार-आठ आणे जास्त द्यायचे. तरी परवडतं. तिसरी, प्रत्येक राशीवर रचल्याची तारीख आणि आलेलं वजन चुन्याने लिहायचं आणि रास संपली की विकलेलं वजन वहीत त्याच्यासमोर मांडायचं. आमच्या वहीत त्या रकान्याला 'घट' म्हणतात. धंद्याची खरी वही तीच.

भाव मात्र वाढवावा लागेल. ढाबेवाल्याला कसं सांगशील? पूर्ण कोरड्या लाकडाच्या किलोत साधारण 4,400 किलोकॅलरी उष्णता असते. 20 टक्के पाणी असेल तर हाती लागते 3,400, आणि 40 टक्के असेल तर 2,400. म्हणजे 7 रुपयांचं ओलं आणि 10 रुपयांचं कोरडं, दोन्हींत रुपयाला उष्णता सारखीच मिळते. वर धूर नाही, पातेल्याचं बूड काळं होत नाही, आचाऱ्याचे डोळे वाचतात. आकडे ऐकून ढाबेवाला हलणार नाही, हे मला माहीत आहे. एक क्विंटल कोरडं फुकट टाकून ये आणि म्हण, किती भांडी उतरली ते मोजा. माझी हॉटेलं अशीच परत आली. ते पाचगणीचंही आलं, पण त्याला दोन हंगाम गेले.

संगमेश्वर तालुक्यात वखार आहे. फोडलेलं लाकूड पावसात भिजू नये म्हणून चारही बाजूंनी ताडपत्रीत बांधून ठेवलं. आत पांढरी बुरशी आली. ओल मोजायचं यंत्र 14 दाखवतं, तरी गिऱ्हाईक म्हणतं धूर होतो. यंत्र खोटं का?

यंत्र खरं बोलतंय, पण तुम्ही त्याला सालीचं दुखणं विचारताय. सुया बाहेरून टोचल्या की वरच्या पाव इंचाची ओल कळते. फोड मधोमध चिरायची आणि ताज्या, आतल्या अंगाला सुया लावायच्या. तिथे तुम्हाला 14 दिसलं तर ही वखार मी तुमच्या नावावर करते.

दुसरी खोच अशी की ही यंत्रं बहुतेक करून कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के काढतात आणि आपण बोलतो ते एकूण वजनावर. यंत्र 25 म्हणतं तेव्हा आपल्या हिशेबाने ते 20 असतं. खात्री करायची असेल तर राशीच्या मधली एक फोड घेऊन आतल्या लाकडाचा बरोबर 500 ग्रॅमचा तुकडा काढा. चुलीच्या वैलावर किंवा भट्टीच्या कडेला, जळणार नाही असा, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. 400 ग्रॅमवर थांबला तर 20 टक्के. घरच्या वजनकाट्यावर होणारं काम आहे.

आता ताडपत्री. लाकूड सुकवतो तो वारा, ऊन त्याच्या मदतीला असतं. चारही बाजू बांधल्यावर आतलं पाणी आतच फिरतं, मग बुरशी येणारच. तुमच्याकडे चिरे भरपूर, ते मांडून रास जमिनीपासून वीतभर उचला. एका फोडीच्या लांबीएवढीच रुंद ओळ लावा, दोन ओळींत हात जाईल एवढी फट ठेवा. ओळीच्या टोकांना आडव्या-उभ्या फोडींचे खांब रचा म्हणजे ढासळत नाही. वर पत्रा, दोन्हीकडे दोन फूट वळचण, बाजू उघड्या. तिरपा पाऊस येतो त्या पश्चिमेला झापं टांगा. झापातून वारा जातो, ताडपत्रीतून जात नाही.

पण तुमचं खरं दुखणं वेळेचं आहे. कोकणात पावसाळ्यात लाकूड सुकत नाही, फार तर आहे तसं राहतं. दमट हवेत सुकलेलं लाकूडसुद्धा पुन्हा ओल ओढतं. तुळशीचं लग्न झालं की फोडायला घ्या, मनगटाएवढ्या फोडी अक्षय्य तृतीयेपर्यंत तयार होतील. न फोडलेल्या ओंडक्याच्या भरवशावर राहू नका, सालीतून पाणी फार हळू जातं. आम्हाला वाईत सोपं आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून आमच्याकडे आलात की त्याचा लहानसा हिस्सा. खाली सुकवायचं आणि वर विकायचं, आमचा धंदा या उतारावरच उभा आहे. वर झाडतोडीवर निर्बंध आहेत, 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणीचा तो भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील पट्टा जाहीर झालाय, त्यामुळे सरपण खालूनच चढतं. तुम्हालाही घाटावर एखादा सुकवणारा जोडीदार मिळाला तर बघा.

रोह्याहून मुंबईच्या बेकऱ्यांना माल द्यायचा विचार आहे. मोठी गाडी कर्जाने घेऊ का?

नका घेऊ. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. लादी पावाची जुनी भट्टी मलाही प्रिय आहे, पण माझ्या प्रेमावर बँक कर्ज देत नाही. जवळचे आचारी, हळद शिजवणारे, पाण्याचे बंब, चुलीवरच्या जेवणाची हॉटेलं, यांतून गाडीचा हप्ता निघतो का ते आधी बघा.

जुन्नरजवळ मामांच्या बांधावर बाभळी आणि दोन जुने आंबे आहेत. ते तोडून मी आणि माझी जाऊ धंदा सुरू करणार आहोत. परवानगी लागते का? आणि फोडायचं यंत्र कुठलं घ्यावं?

ताई, आंब्याला हात लावायच्या आधी थांबा. झाडं स्वतःच्या बांधावर असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतल्या झाडांना परवानगी लागतेच. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, ऐन ही सगळी त्यात आहेत. बाभूळ त्या यादीत नाही. वाहतुकीचा पास मात्र झाडाची जात आणि जिल्हा बघून ठरतो, म्हणून मामांचा सातबारा आणि संमतीपत्र घेऊन वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'चालतंय' नाक्यावर चालत नाही, हे मी रात्री अकरा वाजता भरल्या गाडीशेजारी उभी राहून शिकले आहे. जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, तेवढं एक सुख. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मात्र वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यायचा.

यंत्राचं म्हणाल तर आरा बसवू नका. त्याला आरा गिरणीचे नियम लागतात आणि तो परवाना सहज मिळत नाही. नुसतं फोडायचं यंत्र घेतानाही कार्यालयात एकदा विचारा. बाजारात दोन प्रकार दिसतील. एकात दट्ट्या लाकडाला सावकाश पाचरीवर ढकलतो, दांडा सोडला की थांबतो. दुसऱ्यात स्क्रूसारखा शंकू गरगर फिरतो आणि लाकडात घुसतो. दुसरा स्वस्त आणि झटपट. आम्ही तोच घेतला होता. पुतण्याचा हातमोजा त्यात अडकला, मोजा सैल होता म्हणून नुसता निघून गेला, बोटं राहिली. त्याच आठवड्यात तो शंकू भंगारात दिला. तुम्ही दोघी साडीत काम करणार असाल तर पदराचा विचार करा आणि पहिलाच घ्या. त्यावरही एकीने लाकूड ठेवायचं आणि दुसरीने दांडा ओढायचा, असं कधीही करू नका. जिचा हात लाकडावर, तिचाच दांड्यावर.

बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळली की घण उसळतो.

ग्रामपंचायतीने स्मशानासाठी लाकडाचा साठा ठेवायला सांगितलंय. किती ठेवावं, आणि भाव काय लावावा? संकोच वाटतो.

एका वेळेला साधारण 300 किलो धरा, पावसाळ्यात थोडं जास्त. आम्ही शंभर-शंभर किलोचे ढीग आधीच काटा करून, पत्र्याखाली वेगळे रचून ठेवतो. रात्री-अपरात्री माणसं येतात तेव्हा त्यांच्यासमोर काटा करायचा नाही. तीन ढीग दाखवायचे, गाडीत भरायचे. खाली घालायला जाड फोडी, वर बारीक, शिवाय सुक्या गोवऱ्यांचं एक पोतं. कोल्हापूरला शेणींवरच भागवतात, होळीला लोक शेणी दान करतात. तुमच्या गावात तशी सवय लागली तर लाकूडही वाचेल. मी खरेदी आणि मजुरी धरते, त्यावर काही नाही. तुम्ही तुमचं ठरवा. पण त्या ढिगातलं लाकूड लग्नाच्या ऑर्डरला कमी पडलं म्हणून उचलू नका, मग नेमकी त्याच रात्री गरज पडते.

शेकोटीसाठी घराभोवतीचं कुठलंही लाकूड चालतं ना?

कण्हेर नाही, तिचा धूरही विषारी. बिब्बा नाही, अंगावर उततो. रंग लावलेल्या जुन्या चौकटी नाहीत. पॅकिंगच्या फळ्यांवर 'एमबी' असा छाप असेल तर त्यांना औषधाची धुरी दिलेली असते, त्याही नाहीत. गुलमोहर चालतो, पण भुर्रकन जळून जातो. रात्रभर बसायचं असेल तर त्यात बाभळीचे दोन ओंडके घाला.