कमोडोरचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबी-टू-सिरियल केबलने लॅपटॉपला जोडता येईल का?

नाही हो, त्या केबलने नाही होणार. काकांनी अमेरिकेहून आणलेला कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर बंद पडलाय, १५४१ ड्राइव्ह आणि फ्लॉप्या शाबूत आहेत आणि मागच्या सॉकेटला सिरियल म्हणतात म्हणून तुम्ही विचारताय ना, पण बाजारातली ती केबल आरएस-२३२ वाली, म्हणजे जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टच्या पद्धतीची, तिच्यावर अधिक-उणे व्होल्टेज चालतं, १२ च्या आसपास सुद्धा जातं. ड्राइव्हचे सिग्नल ५ व्होल्टचे. वायरी कापून जुगाड केलात तर चिप उडेल, बाकी काही नाही.

ह्याच्या बसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आणि ड्राइव्हमधल्या जोडणीत, कामाच्या वायरी तीनच, अटेन्शन, क्लॉक आणि डेटा. कॉम्प्युटरने अटेन्शनचं व्होल्टेज खाली ओढलं की लाइनीवरचे सगळे कान टवकारतात, मग ८ नंबरला, म्हणजे ड्राइव्हला, बोल म्हटलं की तो एकेक बिट सोडायला लागतो. ड्राइव्हच्या आत स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, २ केबी रॅम, १६ केबी रॉम, डॉस, म्हणजे डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, पण त्यातच, त्यामुळे फॉरमॅट करायचं असेल तर कॉम्प्युटर नुसता हुकूम सोडतो आणि पुढचं सगळं ड्राइव्ह बघतो. आणि एवढं सगळं असून स्पीड किती, तर सेकंदाला जेमतेम ४०० बाइट! कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरमधल्या ६५२२ चिपच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये (बिट आपोआप एकामागून एक पाठवणारा भाग) बग होता म्हणून एकेक बिट सॉफ्टवेअरने ढकलायचं ठरलं, ६४ मध्ये चिप सुधारली पण जुन्याशी जमवून घ्यायच्या नादात तेच गळ्यात राहिलं.

तुम्हाला झूमफ्लॉपी नावाचा यूएसबी अडॅप्टर लागेल, आणि लॅपटॉपवर ओपनसीबीएम हे सॉफ्टवेअर. तो हीच भाषा बोलतो. अख्खी फ्लॉपी डी-६४ इमेजमध्ये, म्हणजे एका फाइलमध्ये, कॉपी होते, ६८३ सेक्टर, १,७४,८४८ बाइट. जुन्या पीसीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह शोधत फिरू नका, कमोडोरचं जीसीआर नावाच्या वेगळ्या पद्धतीचं रेकॉर्डिंग पीसीच्या साध्या कंट्रोलरला वाचताच येत नाही.

पण त्याआधी, प्लीज, मागचं लेबल वाचा. अमेरिकेतला पीस असेल तर तो १२० व्होल्टचा, आपल्या सॉकेटला थेट लावलात तर गेलाच, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. गोल सहा पिनांची केबल लावताना-काढताना ड्राइव्ह बंदच हवा. फ्लॉप्या इतके पावसाळे कपाटात काढलेल्या असतील तर फ्लॉपीच्या कव्हरवरच्या खिडकीतून बघा, पांढरट बुरशीचे डाग दिसले तर ती आत घालू नका, ड्राइव्हचं वाचणारं हेड माखेल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर पण ओरखडे.

मधेच खडखडखड आवाज आला तर घाबरू नका, ह्यात पहिला ट्रॅक ओळखणारा सेन्सरच नाही, एरर आला की हेड मागे नेऊन स्टॉपरवर आपटतो. सारखं आपटून हेडची अलाइनमेंट, म्हणजे नेमकी जागा, मात्र जाते, म्हणून अडलेली फ्लॉपी परत परत ट्राय न करता बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या.